मुंग्या गेल्या, ठोकळे आले: रोज त्याच वेळी चित्र फुटत असेल तर

संध्याकाळचे पावणेआठ. सासूबाईंची मालिका सुरू होऊन पंधरा मिनिटं झालेली. नायिका दार उघडते आणि दारासकट तिचा अर्धा चेहरा थिजतो. उरलेला अर्धा पुढे चालत राहतो. गालावर हिरवे-जांभळे चौकोन, आवाजात टक-टक, आणि मग निळा पडदा.

"पाय वं, आले ठोकळे," सासूबाई म्हणतात आणि रिमोट माझ्याकडे सरकवतात. जणू ठोकळे मीच सोडलेत.

आमच्या नागपुरातल्या नंदनवनच्या घरात हे सलग दोन उन्हाळे चाललं. केबलचा मुलगा पाच वेळा येऊन गेला. तो यायचा सकाळी अकराला, आणि सकाळी अकराला चित्र आरशासारखं लख्ख. "ताई, चालू तं आहे. आमच्याकडून सिग्नल फुल आहे." तो गेला की संध्याकाळी पुन्हा तेच. मधल्या काळात आम्ही बॉक्स बदलला, टीव्हीच्या मागची वायर बदलली, एकदा तर टीव्हीच बदलायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. शेवटी दोष सापडला तो वीतभर वायरीत. हे लिहिते आहे ते अशा लोकांसाठी, ज्यांचा टीव्ही पूर्ण बंद पडत नाही, पण येतो-जातो. पूर्ण बंद पडलेला टीव्ही सोपा. कोणीतरी येतं, बंद आहे हे त्याला दिसतं, दुरुस्त करून जातं. येणारा-जाणारा दोष मात्र नेमका माणूस आला की लपतो.

आधी ठोकळे म्हणजे काय ते बघू, कारण ते कळल्याशिवाय केबलवाल्याशी भांडताही येत नाही.

जुन्या अ‍ॅनालॉग केबलवर सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. आणखी कमी झाला की आणखी मुंग्या. सावल्या पडायच्या, रंग उडायचे, पण माणूस ओळखू यायचा आणि बोलणं ऐकू यायचं. त्याआधी गच्चीवरचा अँटेना सेमिनरी हिल्सच्या दूरदर्शन टॉवरकडे वळवून "आला का?" "नाही, अजून थोडा" असं ओरडण्याचा काळ होता, तेव्हाही हेच. खराबी हळूहळू वाढायची आणि आपण ती हळूहळू सोसायचो.

डिजिटलमध्ये हे हळूहळू प्रकरण नाही. सिग्नल थोडा बिघडला तर बॉक्स चुका स्वतः दुरुस्त करतो आणि तुम्हाला काही कळतच नाही. बिघाड एका मर्यादेपलीकडे गेला की ती दुरुस्ती एकदम कोलमडते. वायर निम्मी खराब असली तरी चित्र शंभर टक्के दिसू शकतं, आणि त्यात किंचित भर पडली की शून्य. त्यात डिजिटल चित्र प्रत्येक वेळी पूर्ण पाठवलं जात नाही. मधून मधून एक पूर्ण चित्र येतं आणि मधल्या वेळात फक्त काय बदललं तेवढं येतं, तेही साधारण 16 बाय 16 ठिपक्यांच्या चौकोनांच्या हिशेबात. बदलाचा एखादा तुकडा वाटेत हरवला की जुना तुकडा तिथेच चिकटून राहतो, पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत. नायिकेचा अर्धा चेहरा थिजतो तो असा.

म्हणून सासूबाई म्हणतात, "जुना टीव्ही बरा होता. मुंग्या येत, पन बोलनं तं ऐकू ये," त्यात तथ्य आहे. घरातलं वायरिंग अ‍ॅनालॉगच्या काळात केलेलं, त्या काळाच्या सवयीचं: कुठे दोन वायरींची तारं पिळून वर काळी टेप, कुठे एका वायरीचे तीन भाग करून तीन खोल्यांत. मुंग्यांच्या काळात ते खपून गेलं. नागपूर डिजिटल केबलच्या दुसऱ्या टप्प्यात होतं, 38 शहरांच्या यादीत, मुदत 31 मार्च 2013. त्या सुमारास घरोघरी बॉक्स आले. भिंतीतली वायर मात्र तीच राहिली. माझ्या मते बॉक्स आल्यापासूनच्या निम्म्या कटकटी इथल्याच आहेत, आणि बॉक्स विकणाऱ्यांपैकी एकानेही त्या वेळी वायरीकडे बोट दाखवलेलं मला आठवत नाही.

पडदा काय म्हणतो ते नीट वाचा

फोन लावण्याआधी एवढं करा. "दिसत नाही" ही एकच तक्रार चार वेगळ्या दोषांची असू शकते.

पडद्यावर "नो सिग्नल" अशी पाटी इकडून तिकडे तरंगत असेल तर ती पाटी टीव्हीची आहे. टीव्ही म्हणतोय की मला बॉक्सकडून काहीच मिळत नाही. बॉक्स बंद आहे, एचडीएमआयची किंवा लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायर सैल आहे, किंवा कोणीतरी टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबलंय. यात केबलवाल्याचा काही संबंध नाही. आमच्याकडे नातू येऊन गेला की हे हमखास होतं. मी टीव्हीच्या रिमोटला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे, फक्त चालू-बंदचं बटण उघडं. लाल रिमोटने टीव्ही चालू करायचा आणि खाली ठेवायचा. कुरूप दिसतो, पण सोर्सचा फोन ऑफिसात येणं थांबलं.

पाटी बॉक्सची असेल, म्हणजे कंपनीचं चिन्ह, मेनूचा रंग वगैरे दिसतंय आणि सिग्नल नाही म्हणतंय, तर बॉक्सपर्यंत येणारी वायर, डिश किंवा मागची लाइन. "हे चॅनल तुमच्या पॅकमध्ये नाही" अशा अर्थाचं काही असेल तर वायरीला हात लावू नका, तो पैशांचा मामला आहे. त्यावर खाली येते. आणि काहीच पाटी नाही, चित्र फुटतंय, अडकतंय, परत येतंय, तर तुम्ही आमच्या जातकुळीचे. पुढे वाचा.

कॅलेंडर

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यावर सासूबाई दुधाचा हिशेब लिहितात, सिलेंडर कधी लावला ते लिहितात, आणि नळ आले नाहीत की त्या तारखेच्या चौकटीत "नळ नाही" लिहितात. दुसऱ्या उन्हाळ्यात, केबलचा मुलगा पाचव्यांदा हात हलवत गेल्यावर, मी त्यांना म्हटलं, "आई, ठोकळे आले की वेळ पण लिहून ठेवा." त्यांनी लगेच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून चौकटीत "ठो. 7.50" असं येऊ लागलं. दुधाच्या वर, पेन्सिलने.

तीन आठवड्यांनी मी ते कॅलेंडर उतरवून टेबलावर ठेवलं. सोमवार ते शनिवार जवळजवळ रोज "ठो.", वेळ साडेसात ते सव्वाआठच्या मधली. रविवारी मात्र दुपारी बारालाच "ठो.", आणि मग दिवसभर. तीन चौकटींत काहीच नव्हतं. नऊ तारीख, चौदा आणि एकवीस. त्या तीनही चौकटींत आईंच्या अक्षरात खाली लिहिलेलं होतं: "नळ नाही."

मी पाच मिनिटं त्याकडे नुसती बघत बसले. नळाचा आणि टीव्हीचा काय संबंध?

संबंध कूलरचा होता. समोरच्या खोलीतला कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेला. दुपारी आई मागच्या खोलीत झोपतात, तिथे दुसरा छोटा कूलर आहे. समोरचा सुरू होतो संध्याकाळी सातला, सगळे घरी आले की. रविवारी सगळे घरीच, म्हणून सकाळी अकरा-सव्वाअकरापासूनच. आणि ज्या दिवशी नळ येत नाहीत त्या दिवशी आई टाकीतलं पाणी जपतात. कूलर नुसता पंख्यावर चालवतात, पंप बंद. ताट्या कोरड्या.

मी टॉर्च घेऊन खिडकीबाहेर वाकले. केबलची वायर खिडकीच्या चौकटीवरून आत येत होती, आणि बरोबर कूलरच्या कडेखाली, जिथे वाळ्याच्या ताटीतून थेंब गळतो, तिथे तिला एक जोड होता. काळी टेप गुंडाळलेला, टेपची टोकं सुटलेली, आणि टोकाला एक थेंब लटकलेला. तो जोड अ‍ॅनालॉगच्या काळातला. टीव्ही एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेला तेव्हा वायर कमी पडली म्हणून दिलेला.

कूलर सुरू झाल्यावर जोडात पाणी मुरायला अर्धा-पाऊण तास लागायचा. सात अधिक पाऊण, म्हणजे पावणेआठ. रात्री कूलर बंद, सकाळच्या कोरड्या हवेत जोड सुकला, की अकरा वाजता चित्र लख्ख. केबलचा मुलगा खोटं बोलत नव्हता. आणि जुलैनंतर कूलर माळ्यावर गेला की तक्रार आपोआप बंद, म्हणून आम्ही समजत होतो की उन्हाने बॉक्स तापतो. 45 अंशांच्या शहरात असं वाटणं साहजिक आहे.

आणखी एक कोडं त्यात सुटलं. आईंचं चॅनल फुटायचं तेव्हा बातम्यांचं चॅनल नीट दिसायचं, म्हणून यांचं म्हणणं असायचं की दोष त्या चॅनलचाच. केबलमध्ये ज्या एका जागेत पूर्वी एक चॅनल मावायचं, तिथे डिजिटलमध्ये दहा-पंधरा एकत्र बसतात. असे अनेक गठ्ठे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर येतात. ओल्या वायरीत साधारणपणे वरच्या फ्रिक्वेन्सीला आधी मार बसतो. तो गठ्ठा गेला की त्यातली सगळी चॅनलं एकदम जातात, बाकीची शाबूत. तुमच्याकडे ठरावीक काही चॅनलंच रुसत असतील तर त्यांची नावं लिहून काढा. ती नेहमी एकत्र जात-येत असतील तर दोष गठ्ठ्याचा, म्हणजे बहुधा वायरीचा किंवा जोडाचा आहे. बॉक्स बदलायच्या भानगडीत पडू नका. आम्ही पडलो.

जोड कसा काढला

बर्डीच्या बाजारातून दोन एफ कनेक्टर (वायरीच्या टोकाला बसवायच्या पिना), एक जोडणी, आणि चार मीटर आरजी-6 वायर आणली. दुकानदाराला "डिशची वायर" म्हटलं तरी कळतं. आपल्या घरातली जुनी वायर बरेचदा बारीक, आरजी-59 जातीची असते. दोन्ही 75 ओहमच्याच, पण जाड वायरीत वाटेतली गळती कमी. शक्य असेल तर जोड नकोच, अख्खी वायर टाका. आम्हाला भिंत फोडायची नव्हती, म्हणून जोड घराच्या आत घेतला.

जुना जोड सोडवला तेव्हा मधली तांब्याची तार हिरवट झाली होती आणि भोवतालची जाळी काळी. इथे एक चूक सगळे करतात: टेप काढतात, पुसतात, नवी टेप लावतात. पाणी जाळीच्या धाग्यांतून वातीसारखं आत चढतं. म्हणून कापताना टोकापासून थोडंथोडं कापत जा, आतली जाळी चकचकीत दिसेपर्यंत. आमची जवळजवळ फूटभर कापावी लागली.

कनेक्टर बसवताना मधली तार आणि जाळी यांचा एकही धागा एकमेकांना लागू देऊ नका. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसावी, फार लांब नाही. पिळून बसवायचे कनेक्टर मिळतात ते तात्पुरते. दाबून बसवायचे घ्या, पक्कड नसेल तर केबलच्या मुलाकडून बसवून घ्या, त्याच्याकडे असते. आमचे त्यानेच बसवले, आणि कॅलेंडर बघून म्हणाला, "आजीनं तं भारी काम केलं." आई त्या दिवशी चहाबरोबर त्याला चिवडाही देऊन गेल्या.

शेवटचं, आणि फुकटचं: वायर खिडकीतून आत येण्याआधी तिला बाहेर खाली एक झोळ द्या, म्हणजे ती आधी खाली उतरून मग वर चढून आत येईल. पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, घरात किंवा कनेक्टरमध्ये येत नाही. कूलरवाल्या प्रत्येक खिडकीला हे करा.

तुमचा कूलर नसेल तर

तुमची वेळ वेगळी असेल, म्हणून कारणही वेगळं असेल. पण वेळ लिहिल्याशिवाय ते सापडणार नाही. आमच्या ओळखीपाळखीत मी नंतर बरीच कॅलेंडरं वाचली. त्यातून जे दिसलं ते असं.

कूलर किंवा पाण्याची मोटर सुरू होण्याच्या क्षणी, मिनिटभरही न थांबता, बॉक्स बंद होऊन परत चालू होत असेल तर व्होल्टेज दबतंय. पण एकाच प्लगवरचा टीव्ही चालू राहतो आणि बॉक्सच पडतो, असं असेल तर बॉक्सचा अ‍ॅडॅप्टर म्हातारा झालाय. अ‍ॅडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट तेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, आणि पिन तीच असा दुसरा लावून बघा. बॉक्सवर संशय घेण्याआधी याच्यावर घ्या. बॉक्सपेक्षा अ‍ॅडॅप्टर आधी मरतो.

बॉक्स टीव्हीच्या कपाटात कोंबलेला असेल, वर क्रोशाचा रुमाल असेल आणि मे महिन्यात दुपारी तीनला अडकत असेल, तर रुमाल काढा. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

घरात दुसरा टीव्ही घेतल्यापासून पहिला बिघडला, तर स्प्लिटर, म्हणजे एका वायरीचे दोन-तीन फाटे करणारी डबी, बघा. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येकाला निम्म्याहून थोडा कमी सिग्नल देतो. मुंग्यांच्या काळात याचा अर्थ दोन्ही टीव्हींवर थोड्या मुंग्या. आता एक लख्ख आणि एक निळा. तपासायला सोपं: स्प्लिटर काढून वायर थेट बॉक्सला लावा. बॉक्सच्या मेनूत सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता असे दोन आकडे असतात. ताकद भरपूर आणि गुणवत्ता कमी असेल तर ओल, गंज, सैल कनेक्टर. दोन्ही कमी असतील तर वाटेत कुठेतरी गळती किंवा वाटणी. आकडे चांगल्या वेळी एकदा लिहून ठेवा, नाहीतर वाईट वेळी तुलना कशाशी करणार?

तरी कळत नसेल तर बॉक्स उचला आणि त्याच केबलवाल्याच्या शेजाऱ्याकडे, त्याच्या वायरीला लावून बघा. तुमची चॅनलं तुमच्या बॉक्सशी बांधलेली असतात, तिथेही दिसतात. शेजाऱ्याकडे नेमक्या त्या वेळी नीट चाललं तर दोष तुमच्या घरात. तिथेही फुटलं तर लाइनचा. ही एक चाचणी अर्ध्या वादाचा निकाल लावते.

डिशवाल्यांचं थोडं वेगळं. जोराच्या पावसात चित्र जाणारच. ते लहान लहरींचे सिग्नल पावसाचे थेंब अडवतात, त्याला कोणाचाही इलाज नाही. पाऊस ओसरून अर्धा तास झाला तरी येत नसेल तर मात्र डिशच्या तोंडाशी कनेक्टरमध्ये पाणी आहे. निम्मी चॅनलं एकदम गायब होत असतील तर वायरीत व्होल्टेज दबतंय: बॉक्स डिशवरच्या एलएनबीला (डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणाऱ्या डबीला) कधी 13 तर कधी 18 व्होल्ट पाठवून दोन दिशांचे सिग्नल निवडतो. लांब, गंजलेल्या वायरीतून पुरेसं व्होल्टेज पोचलं नाही तर एका बाजूची चॅनलं मिळतच नाहीत. जानेवारीत संक्रांतीनंतर गच्चीवर एक चक्कर मारा. पतंगाच्या मांजाने डिशचं तोंड किंचित फिरलेलं मी दोन घरांत पाहिलं आहे, आणि एका घरात वांदरांनी. डीडी फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. नागपुरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 60 अंश वर येतो. त्या रेषेत कडुलिंबाची फांदी आली असेल तर पावसाळ्यात पानं भरली की चित्र जाईल आणि पानगळीत परत येईल. असा वर्षातून एकदा येणारा दोष ओळखायला वर्षाचं कॅलेंडर लागतं.

पैशांचा मामला

चॅनल अचानक "पॅकमध्ये नाही" म्हणू लागलं आणि तुम्ही पैसे भरलेत, तर आधी तारीख बघा. रिचार्ज बहुतेक ठिकाणी 30 दिवसांचा असतो, आपला महिना बरेचदा 31 चा. म्हणून मुदत अशा वेळी थोडी अलीकडे सरकते आणि "मी तं पाच तारखेलाच भरतो" म्हणणाऱ्याचा टीव्ही चार तारखेला जातो. भरल्यानंतर बॉक्स चालू ठेवून त्याच चॅनलवर दहा-पंधरा मिनिटं थांबा. परवानगीचा संदेश वायरीतूनच येतो, बॉक्स बंद असेल तर तो घेणार कोण? तरी नाही आलं तर फोन करून "रिफ्रेश मारा" म्हणा. रिफ्रेशनंतर मालिका एकदम तेलुगूत बोलू लागली तर घाबरू नका. रिमोटवर किंवा मेनूत आवाजाची भाषा निवडायचा पर्याय असतो.

1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायने (दूरसंचार नियामकाने) चॅनल निवडून घ्यायची पद्धत आणली. तेव्हा 100 चॅनलांपर्यंतचं नेटवर्क भाडं जास्तीत जास्त 130 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे; पैशाची चॅनलं वेगळी. मार्च 2020 मध्ये त्याच 130 मध्ये 200 चॅनलं झाली होती. म्हटलं तर फायद्याचं. पण आईंच्या पिढीला महिन्याला एक ठरलेली रक्कम माहीत होती, केबलवाला वही घेऊन दाराशी यायचा. आता बिलाचे तीन तुकडे समजावताना माझीच दमछाक होते. तुम्ही न बघणारी चॅनलं वर्षातून एकदा काढून टाका. आमच्याकडे दोन वर्षं एक कन्नड पॅक चालू होता, आणि तो कोणी घातला हे अजून कोणी कबूल केलेलं नाही.

तक्रार करताना "दिसत नाही" म्हणू नका. "रोज सायंकाळी 7.30 ते 8.15, अमुक-अमुक चॅनलं, गुणवत्तेचा आकडा इतका पडतो, माणूस त्याच वेळी पाठवा" असं म्हणा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्याच वेळी पाठवा, हे दोनदा म्हणा. क्रमांक असून काम झालं नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या माणसाकडे) जाता येतं, आणि त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, तिकडे लिहून वेळ घालवू नका.

ऑक्टोबर

जोड बदलल्यानंतरही आईंनी लिहिणं सोडलं नाही. उन्हाळाभर चौकटीत "ठो. नाही" येत राहिलं, दुधाच्या वर. मग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, मालिकेच्या पुनर्प्रक्षेपणाच्या वेळी, सलग चार दिवस: "ठो. 11.45", "ठो. 11.45", "ठो. 11.44", "ठो. 11.44". दर वेळी काही मिनिटं, मग आपोआप बरं. कूलर माळ्यावर, आकाश निरभ्र, वायर नवी. मी केबलच्या मुलाला फोन लावायला घेतला आणि तारीख बघून खाली ठेवला.

वर्षातून दोनदा, आपल्या अक्षांशावर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य आकाशात बरोबर उपग्रहाच्या पाठीशी येतो. केबलवाल्याच्या मोठ्या डिशलाही मग उपग्रहाबरोबर सूर्याचा गोंगाट ऐकू येतो आणि काही मिनिटं चित्र जातं. कोणता उपग्रह, त्यावर वेळ ठरते. काही दिवसांत सूर्य पुढे सरकतो.

"कोनाचा दोष आहे आता?" आईंनी विचारलं.

"सूर्याचा."

त्यांनी चौकटीत पेन्सिलने "सूर्य" लिहिलं, आणि खाली, "दूध दीड".